त्या दिवशी सगळेच मोकळे

मानवत,
फाल्गुन वद्य नवमी

प्रिय शंतनू,

पाकीट बघून तू आधी हसशील. रोज तासभर फोनवर बोलणाऱ्या मुलीला पत्र लिहायची हौस कुठून आली, म्हणशील. हौस नाही रे. फोनवर हे सांगायला घेतलं असतं तर दुसऱ्याच वाक्याला मला रडू फुटलं असतं, आणि मी रडले की तू पुढचं काही न ऐकता ‘असू दे, असू दे’ म्हणत सुटतोस. या वेळी मला ‘असू दे’ नकोय. तू हे सगळं वाचावंस, दोन दिवस विचार करावास आणि मग काय ते ठरवावंस. लग्न दोन महिन्यांवर आलंय, पत्रिका वाटायला सुरुवात झालीय. तरी हे वाचून तू ‘नको’ म्हणालास तर ऐकून घ्यायची माझी तयारी आहे, असं मी चार दिवस स्वतःला बजावतेय. खरं सांगायचं तर तयारी मुळीच नाही. आमच्या शाळेतल्या राजेश्री मॅडम उद्या संभाजीनगरला लेकीकडे जातायत, त्यांच्या हाती पत्र देते. ऑफिसात फोडू नकोस, खोलीवर जाऊन निवांत वाच.

संक्रांत झाली, अण्णांनी मुहूर्त काढून दिला आणि आपण दोघं लागोपाठ तीन रविवार परभणी पालथी घातली, ते दिवस मला सारखे आठवतायत. किती खुशीत होतो आपण! मंगल कार्यालयाच्या मॅनेजरनं वही उघडली तर मे महिन्याचं पान गच्च भरलेलं, आणि बारा मेची ओळ तेवढी कोरी. फोटोवाल्यानं डायरी न बघताच होकार दिला. मंडपवाला म्हणाला, तुम्ही म्हणाल तसली सजावट करू, त्या दिवशी सगळं सामान गोदामातच आहे. देवगाव फाट्याचे दत्तराव आचारी म्हणजे लोक त्यांची तारीख आधी विचारतात आणि मग लग्न ठरवतात. तेसुद्धा म्हणाले, “बारा मे? मोकळा हाय की.” तू त्यांच्याकडे चवीला म्हणून दोन वाट्या मठ्ठा आणि मोजून सहा जिलेब्या हाणल्यास आणि बसस्टँडवर येईपर्यंत मला ऐकवत होतास, की हे सगळं तुझ्या बोलण्याच्या कसबामुळे जमलं, नाहीतर ऐन लग्नसराईत असे लोक कुणाला मिळतात! मीही मान डोलावली. प्रेसवाल्याचा फोन आला, की अण्णांच्या हातच्या कागदावर वार सोमवार लिहिलाय आणि बारा मे येतेय मंगळवारी, म्हणून मी दुरुस्त केलं. तेव्हाही आपण हसलोच. सासरेबुवा मुलीच्या लग्नाच्या आनंदात वार विसरले, असं तू म्हणाला होतास.

माझे अण्णा वार विसरत नाहीत, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. विष्णुपंतांनी काढलेली तिथ म्हटलं की मानवतच काय, पार चारठाण्यापर्यंत कुणी पुढे विचारत नाही. लहानपणी आमच्या ओट्यावर लोक बसलेले असायचे, कुणाचं बारसं, कुणाची वास्तुशांत, कुणाचं लग्न, आणि अण्णा मला मांडीवर घेऊन पंचांगाच्या रकान्यांवरून माझं बोट फिरवायचे. बाराखडीच्या आधी मला तिथी, वार, नक्षत्र वाचता यायला लागलं. मुहूर्त देताना ते कधी घाई करायचे नाहीत. दोन माणसांनी जन्मभर एकत्र राहायचंय, आपण निदान दोन वेळा बघून सांगावं, असं म्हणायचे. तुझ्या आईंनीही सेलूला बैठकीत हेच तर म्हटलं होतं, की पंतांच्या मुहूर्तात आम्ही काय बघायचं?

गेल्या आठवड्यात दत्तराव सामानाची यादी करायला घरी आले. अण्णा पूजेला बाहेर गेले होते, आई त्यांच्याबरोबर. मी चहा ठेवला आणि सहज म्हटलं, काका, तुमचा दिवस मिळाला हे आमचं नशीबच. ते जरा घुटमळले, मग म्हणाले, “ताई, त्या दिशी लग्नाची तिथच न्हाई, म्हणून तर आमी समदे मोकळे हाओत. मांडववाला, फोटोवाला, समदेच. आमी आपसात बोललो बी. पण पंतांनी काडलाय म्हणल्यावर कायतरी काडीव मुहूर्त आसंल, त्येंच्या पोरीचं लगीन हाय, आपण कोण इचारणार?” मी ‘हो, काढीवच आहे’ म्हणाले. का म्हणाले, माहीत नाही. तेल किती, रवा किती, सगळी यादी मी हसतमुखानं लिहून घेतली आणि ते गेल्याबरोबर देवघरातल्या फळीवरची पंचांगं काढली.

तुला यातलं फारसं कळत नाही म्हणून सोपं करून सांगते. पंचांग पाडव्यापासून पाडव्यापर्यंतचं असतं. संक्रांतीनंतर बसून येत्या वैशाखातला मुहूर्त बघायचा, तर पुढच्या वर्षाचं नवं पंचांग घ्यावं लागतं, कारण हातातल्या पंचांगातला वैशाख होऊन गेलेला असतो. नवं पंचांग अण्णांनी दिवाळीतच आणलं होतं. त्याची पानं अजून कापलेलीसुद्धा नव्हती. जुनं उघडलं तर वैशाखाच्या पानावर बारा मे, सोमवार, त्यापुढे अण्णांची पेन्सिलीची बारीक खूण आणि शेजारी ‘चि. वैदेही’. शंतनू, त्यांनी आपल्या लग्नाला गेल्या वर्षीचा मुहूर्त दिलाय. नव्या पंचांगाची पानं मी सुरीनं कापली, चार वेळा बघितलं. मागेपुढे भरपूर तिथी आहेत. बारा मेला नाही.

आई आली तेव्हा दोन्ही पंचांगं माझ्यासमोर उघडी होती. तिनं एकदा बघितलं आणि खालीच बसली. तिला मुहूर्ताचं ठाऊक नव्हतं, पण बाकीचं सगळं ठाऊक होतं. दिवाळीच्या सुटीत ती अण्णांना परभणीला डोळे तपासायला म्हणून घेऊन गेली होती ना, ते डोळ्यांसाठी नव्हतंच. हा विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार, गोळ्यांनी थोडा सावकाश वाढेल इतकंच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याआधी चारठाण्याहून येताना अण्णा भलत्याच गाडीत बसले होते, ओळखीच्या कंडक्टरनं उतरवून घेतलं. एका लग्नात त्यांनी लाजाहोम दोनदा करवून घेतला आणि लोकांना वाटलं, पंत किती काटेकोर! तेव्हापासून आई प्रत्येक कार्याला बरोबर जाते. तबकात सुपारी, हळकुंड, अक्षता, सूत सगळं विधीच्या क्रमानं मांडून ठेवते, म्हणजे हात पुढच्या वस्तूवर गेला की अण्णांना पुढचा मंत्र आठवतो. मला वाटायचं, म्हातारपणी नवऱ्याला सोडवत नाही बाईला. मी तिची थट्टा करायचे! तुझी नोकरी त्यांनी तुला एका बैठकीत तीनदा विचारली आणि तू तिन्ही वेळा तेवढ्याच गोडीनं सांगितलीस, तेव्हा आई उठून स्वयंपाकघरात का गेली, ते मला आत्ता कळतंय.

मी म्हटलं, शंतनूला आणि त्याच्या आईंना हे सांगायला हवं. आई माझ्यावर कधी ओरडत नाही, पण त्या दिवशी ओरडली. “तू काय बोलायलीस तुला कळायलंय का? एकदा अक्षता पडू दे, मग सांग कुणाला सांगायचं ते. आजारी बापाची एकुलती एक लेक कोण करून घेतंय?” तिचं चुकतं असं मला म्हणवत नाही. घाबरलेल्या माणसाला जे सुचतं ते तिला सुचलं. पण तुझ्यापासून लपवून मी बोहल्यावर उभी राहणार नाही. एवढं एकच मी तिचं ऐकत नाहीये.

आता कालचं सांगते, कारण खरं अवघड ते आहे. पाडवा तोंडावर आलाय. पाडव्याला देवळात नव्या पंचांगाचं वाचन अण्णाच करतात, गेली चाळीस वर्षं. त्याच्या तयारीला म्हणून काल दुपारी त्यांनी नवं पंचांग घेतलं. मी वह्या तपासत बसले होते. बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही म्हणून बघितलं, तर ते आपली पत्रिका एका हातात आणि पंचांग दुसऱ्या हातात धरून बसले होते. “वैदू,” ते म्हणाले, “बारा मेला तर तिथच नाही. ही तारीख कुणी काढली गं?” त्यांना राग आलेला नव्हता. ते घाबरले होते, शंतनू. मी माझ्या बापाला घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. उत्तर काय येणार याचा त्यांना अंदाज होता आणि ते मीच खोटं ठरवावं म्हणून ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

आणि मी खोटं बोलले. म्हटलं, अण्णा, ही तुम्ही नाही काढलीत, आम्ही काढली. शंतनूला तेव्हाच रजा मिळत होती, तो हटून बसला, मीही त्याच्याच बाजूनं बोलले. त्यांनी विचारलं, “मी नको म्हणलो होतो ना गं?” मी म्हटलं, हो अण्णा, दोनदा म्हणालात. तुमचं कुणी ऐकलंच नाही. “मग बरं,” असं म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि त्यांच्या खांद्यांतला ताण उतरलेला मला दिसला. दुसऱ्याच मिनिटाला त्यांनी मला असं काही झापलं, की आई धावत बाहेर आली. बापाला काय अक्कल नाही का, जावई म्हणंल तसं नाचायचं का, रजेवर लग्नं लावायलेत आजकाल! मग स्वतःच वही घेऊन बसले. पत्रिका गेल्यात, तारीख बदलता येत नाही, तर संध्याकाळी गोरज मुहूर्तावर लावू, त्याला तिथ बघावी लागत नाही, असं त्यांनीच ठरवलं. वेळ काढली, पुन्हा एकदा ताडून बघितली, स्वच्छ अक्षरात लिहिली. ती मी मागाहून तपासली. अगदी बरोबर आहे.

ते विसरले आहेत याचा मी काल फायदा घेतला. त्यांच्या भल्यासाठी घेतला, पण घेतला, आणि पुढे अनेकदा घ्यावा लागेल हे मला दिसतंय. आई एकटी पुरी पडणार नाही. लग्नानंतर मला आठवड्यातून एकदा तरी मानवत गाठावं लागेल, दोन-चार वर्षांनी कदाचित त्या दोघांना आपल्याकडे आणावं लागेल. अण्णा हळूहळू सगळ्यांनाच विसरतील. तू सगळ्यांत नवा, म्हणून सगळ्यांत आधी तुला. हे मी कमी करून सांगत नाहीये आणि वाढवूनही नाही. तुझ्या आईंना सगळं सांग, मुहूर्ताचंही. त्यांचा विश्वास अण्णांवर होता, त्यांच्याशी मी तरी खोटं वागू नये.

पण हे पत्र मी लिहिलं ते येत्या रविवारसाठी. होणाऱ्या जावयाला रविवारी बोलाव, मी बोलतो त्याच्याशी, असं अण्णांनी सांगितलंय. आज सकाळी उठल्या उठल्या पुन्हा विचारलं, निरोप दिलास का? बाकीचं विसरतात, हे विसरलेले नाहीत. कारण यात त्यांची चूक नाही, हे त्यांना धरून ठेवायचंय. तुला हे ओझं नको असेल तर रविवारी येऊ नकोस, मी फोन करणार नाही आणि तुला कधी दोषही देणार नाही. आलास, तर ते तुला समोर बसवून रागावतील, कधी नव्हे ते आवाज चढवतील, ‘माझं न ऐकता तारीख का धरलीस?’ म्हणून विचारतील. तू तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. मान खाली घाल आणि ‘चुकलं माझं, अण्णा’ एवढंच म्हण.

तुला न विचारता तुझ्या माथी चूक मारून मोकळी झालेली,
तुझीच,
वैदेही