पायाकडचे दगड

१३ मे

पोचले एकदाची. इंडियानातून निघताना शेजारणी म्हणत होत्या, साठीला टेकलेली बाई एकटी गाडी हाकत केंटकीच्या डोंगरात चालली, डोरीनला वेड लागलंय. लागलंय खरंच. माझ्या धाकट्या भावाला, ग्लेनला, देवाने उशिरा का होईना मुलगा दिला. टोबी. टीग आडनाव पुढे नेणारा आता तेवढाच. पहिल्या वाढदिवसाला लोक त्याला खेळणी देतील, मी त्याचे पूर्वज देणार आहे.

स्लेट फोर्कच्या लायब्ररीचा वंशावळ विभाग तळघरात आहे. छान गार, जुन्या कागदाच्या वासाचा. उंच लोखंडी कपाटं रुळांवर एकमेकांना चिकटून उभी. हवं ते कपाट बाजूचं चाक फिरवून सरकवायचं आणि झालेल्या फटीत शिरायचं. लायब्ररियन विनी बाई कडक आहे. तिने आल्या आल्या दोन नियम सांगितले. चाकात खीळ घातल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, आणि वंशवृक्षावर जिवंत माणसाचं नाव लिहायचं नाही. मेलेल्यांचं कुणी काही वाकडं करू शकत नाही, जिवंतांचं करू शकतं, असं म्हणाली. मी मान डोलावली.

तिथे लेडफोर्ड भावंडं रोज फुकट मदतीला बसतात. एल्बर्ट आणि ओपल, दोघंही सत्तरीपुढची, दोघांचीही लग्नं झालेली नाहीत. ओपलला सगळं गाव मावशी म्हणतं. इथे माणसाला आधी नाव विचारत नाहीत, तू कुणाची गं, असं विचारतात. मी म्हटलं, टीगांची. मावशीचा कॉफी ओतणारा हात थांबला. मग तिने माझा हात दोन्ही हातांत धरला तो सोडेचना. डोळ्यांत पाणी. एल्बर्ट म्हणाला, आम्हाला तर वाटलं होतं, टीग संपले.

परक्या गावात कुणी आपल्यासाठी डोळे पुसावेत, याहून काय हवं? झोप छान लागेल आज.

१६ मे

घोळ आहे. एकाच काळात, एकाच तालुक्यात दोन अमोस टीग होते. एक नदीकाठचा गिरणीवाला. दळणं दळली, ताप आला, मेला. दुसऱ्या अमोसचं लेडफोर्डांशी हाडवैर होतं. त्याने एका पहाटे त्यांच्या घराला बाहेरून कडी घातली आणि रॉकेल ओतून काडी लावली. आत नवरा-बायको, दोन मोठी मुलं आणि पाळण्यातलं बाळ होतं. बाहेर पडला तो फक्त एक मुलगा, मक्याच्या कणग्यात झोपलेला. तो एल्बर्टचा आजा.

आमचा पणजोबा यातला कोण? विनी म्हणते पुरावा नाही, तोवर पेन्सिलीनेच लिहा. पण खरं सांगते, मला जाळणारा हवा होता. गिरणीवाल्याची काय गोष्ट सांगणार पोराला? लेडफोर्डांसमोर विषय काढायला मला अवघड वाटत होतं. एल्बर्टच हसून म्हणाला, भांडण आज्यांचं, तेही मातीत गेले आणि त्यांचं भांडणही. तुझी हनुवटी बघ, अस्सल जाळणाऱ्या अमोसची, तू आमच्याकडे जेवायला ये कशी.

मी शाईने लिहून टाकलं.

मोटेल सोडून त्यांच्या मागच्या खोलीत राहायला आले. घेवड्याची पातळ उसळ, मक्याचा पाव, वर कच्चा कांदा. मावशी वाढताना हात आखडत नाही.

२० मे

अमोसचा वंश जवळजवळ लागला. आमचे लोक अंथरुणात मरायला शिकलेच नव्हते म्हणायचं. डेटनचा व्हर्जिल शिडीवरून पडून मान मोडून गेला. मन्सीचा राल्फ घरातच जळाला. क्लेटनला हरणाच्या शिकारीत कुणाची तरी गोळी लागली. आयरिस गाडीसकट तलावात गेली. नंतर कुणीच नाही, फक्त आम्ही. मी हे जेवताना थट्टेने सांगितलं तर मावशी पोट धरून हसली. तू फार मजेशीर आहेस बघ पोरी, म्हणाली.

मावशीला टोबीचं भारी कौतुक. किती महिन्यांचा, रांगतो का, दात किती आले. त्याचं नाव वंशवृक्षावर नाही लिहिणार? अगं, घरच्यांत कसला नियम? मग लिहिलं. ग्लेनचं आणि टोबीचं, जन्मतारखांसकट. विनीने पाहिलं आणि नियम पुन्हा ऐकवला.

येत्या रविवारी डोंगरावरच्या कबरी सजवायचा दिवस. झाडून साफ करायच्या, फुलं वाहायची, तिथेच गवतावर पंगत. मावशीने स्वतः फोन करून ग्लेनला बायको-मुलासकट बोलावलं. पंगतीसाठी एल्बर्टने आज डुक्कर मारलं. हातोड्याचा एकच घाव, दोन डोळ्यांच्या बरोबर मधे. पाय झाडायचे थांबायच्या आत गळा चिरला. माझ्या चपलेपर्यंत रक्त आलं. एल्बर्टचा श्वाससुद्धा चढला नव्हता.

२२ मे

हिरमुसले आहे. विनीने पुरावा शोधला. गिरणीवाल्याच्या घरच्या बायबलमध्ये आमच्या आजोबांचा जन्म लिहिलेला सापडला. म्हणजे आम्ही दळणवाले. व्हर्जिल, राल्फ, आयरिस आमचे कुणीच नव्हेत. घ्या आता.

जेवताना सांगून टाकलं. एल्बर्टने ताटावरून मान वर केली नाही. मावशीने विचारलं, विनीने आणखी कुणाला दाखवलं का? मी म्हटलं, छे, उद्या कॉपी काढून देणार आहे.

२३ मे

विनी गेली. मला सापडली.

दोन कपाटांच्या मधे होती. पूर्ण दाबलेली. बाहेर फक्त हात, आणि तोंडातून आलेलं रक्त खालच्या कप्प्यांवर ओघळून वाळलेलं. चाक उलटं फिरवलं तर ती उभ्या उभ्याच माझ्या अंगावर आली. छातीचा भाग नव्हताच जणू. माझ्या ब्लाउजवर तिचा चष्मा अडकला होता.

शेरीफ म्हणाला अपघात. खीळ घालायला विसरली असेल.

विनी विसरेल? खीळ बाहेर खिळ्याला टांगलेली होती. आणि चाक आपोआप फिरत नाही. मावशीने मला न्हाऊ घातलं, केस पुसले. तिच्या हाताला तेलाचा वास येत होता. यंत्राला घालतात त्या तेलाचा.

बायबल कुठेच नाही.

२५ मे

उद्याची तयारी म्हणून सकाळी त्यांच्याबरोबर कबरींवर गेले. मुद्दाम गेले. नुसता संशय घेऊन ग्लेनला काय सांगू?

इथल्या कबरीला दोन दगड असतात. डोक्याकडे मोठा, पायाकडे छोटा. पायाकडच्यावरही त्याच माणसाचं नाव असतं. जळालेले लेडफोर्ड एका रांगेत आहेत. मी त्यातल्या बापाच्या पायाकडच्या दगडावरचं शेवाळ खरवडलं.

व्हर्जिल टीग.

आईच्या पायाशी आयरिस. मुलांच्या पायाशी राल्फ आणि क्लेटन. पुरुषाला पुरुष, बाईला बाई. शेवटची कबर हातभर लांबीची. बाळाची. तिच्या पायाशी नवा दगड, भोवती पांढरी भुकटी. त्यावर फक्त ‘टो’ एवढंच कोरून झालं होतं.

मी फुलं ठेवली. छान झालंय म्हटलं. आणि हसले.

दुपार —

गाडीचे चारही टायर फाडलेले. घरातल्या फोनची तार ओढून काढलेली. माझ्या मोबाईलला या दरीत कधीच रेंज नसते. ग्लेन निघाला असेल. वाटेत मुक्काम, उद्या सकाळी इथे.

एल्बर्टच्या समोर जाऊन उभी राहिले. दुसरा मार्ग नव्हता. हात जोडले. म्हटलं, एल्बर्ट, तुम्हाला माहीत आहे, आम्ही त्या अमोसचे नाही. माझीच चूक, मीच हौसेने लिहिलं. बाळाचा काही संबंध नाही.

तो शांतपणे म्हणाला, माहीत आहे गं. विनीचं बायबल मीच चुलीत घातलं. पण त्या अमोसचं कुणी उरलंच नाही. माझ्या बापाने दोघांना संपवलं, मी दोघांना. त्यांच्यात पुन्हा बाळ झालंच नाही, आम्ही किती वाट पाहिली. बाळाच्या पायाशी बाळच लागतं. मग तू आलीस. स्वतःच्या हाताने, शाईने लिहिलंस.

मग हातोडा. गुडघ्यावर. एकदा, आणि मी पडल्यावर पुन्हा एकदा.

२६ मे

मांस धुरवायच्या खोपटात आहे. वर डुकराच्या तंगड्या टांगल्यात. बाहेरून कडी. पाय उजव्या बाजूला वळलाय, हाड दिसतंय, बघत नाही. वही एप्रनच्या खिशात राहिली. ग्लेनला सापडली तर —

ग्लेन, आपण गिरणीवाल्याचे. साधे लोक. कुणाचं काही जाळलं नाही आपण. मला मोठी गोष्ट हवी होती रे —

डोंगरावर लोक जमलेत. भजनं चाललीत. ओरडून ओरडून घसा फुटला, गाण्यात कुणाला ऐकू जात नाही.

गाडी आली.

ग्लेनचं हसणं. एल्बर्ट त्याला वर नेतोय — आधी कबरी बघ, डोरीन तिकडेच आहे. त्याची बायको पण निघाली. नको. नको, ग्लेन —

मावशी म्हणतेय, झोपलंय ते, राहू दे माझ्यापाशी, तुम्ही व्हा पुढे.

एक तंगडी ओढून खाली पाडली. तिचा आकडा काढलाय. फळीचा एक खिळा निघाला. दुसरा निघत नाही. नखं गेली —

पावलं. इकडेच. एकटीचीच.

फटीतून दिसतंय. एका हातात एल्बर्टचा हातोडा. आणि कडेवर, डोळे चोळत, आत्ताच जागा झालेला टो