मागच्या खुराड्यातल्या कोंबड्या

२ मार्च
आजपासून शेडमध्ये अँटिबायोटिक बंद. म्हणजे बंद! धडधाकट कोंबड्यांना रोज औषध पाजायला आपण वेडे आहोत का? हिला सांगितलं. ही म्हणाली, मागच्या बॅचलाही हेच म्हणाला होतात. कौतुक म्हणून नाही.

५ मार्च
एक कोंबडी शिंकली. नेमकी कोणती ते कळेना. सगळ्यांच्याच पाण्यात औषध टाकलं. याला वापर म्हणत नाहीत, खबरदारी म्हणतात.

९ मार्च
मेहुण्याचा फोन. उद्याच गाडी पाठवतोय. त्याला सांगितलं, बाबा रे, औषध थांबवल्यावर आठवडाभर तरी माल विकायचा नसतो, मांसात उतरतं. तो म्हणाला, दाजी, मग दुसरीकडून उचलतो. जिवावर आलं, पण हो म्हटलं. तसाही कालचा डोस हलक्या हातानेच टाकला होता.
माल मोठ्या हॉस्पिटलच्या किचनला जातो म्हणे. ऊर भरून आला. रुग्णसेवाच की ही!

१० मार्च
गाडी भरताना एकीने बोट फोडलं. कृतघ्न मेली! रात्री घरी चिकन. मागच्या खुराड्यातलं. त्या कोंबड्या फक्त घरच्यांसाठी, औषधाचा थेंब नाही. शेडमधलं आम्ही खात नाही. कारण काही नाही, चवीचा प्रश्न.

१३ मार्च
बोट टम्म. ही डॉक्टर-डॉक्टर करतेय. शेडचं औषध घरात असताना? चिमूटभर घेतलं. वजनाने मी साधारण चाळीस कोंबड्या.

१५ मार्च
लाली कोपरापर्यंत. ताप. ही रडली. उगाच.

१७ मार्च, मोठं हॉस्पिटल
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नेहमीची औषधं या जंतूंपुढे फेल. एकच उरलंय. तेही लागू पडलं नाही तर हात... पुढचं ऐकलंच नाही. व्यवसाय विचारला. शेती म्हटलं. भाजीपाला का? हो म्हटलं.

१८ मार्च
सलाईनने खाटेला जखडलोय. भीती वाटते. घरचा डबा आणायला बंदी.
दुपारी चिकन सूप आलं. मी शाकाहारी आहे म्हटलं. ही शेजारीच. नर्सला म्हणाली, काहीतरीच! परवापरवा तंगडी ओरपलीय. नर्स म्हणाली, प्या काका, खात्रीच्या फार्मवरचं आहे. वाटी तशीच धरून बसलो.
समोरच्या खाटेवरचे आजोबा वाटी चाटूनपुसून माझ्याकडेच बघत होते. नुकतंच ऑपरेशन झालंय त्यांचं. म्हणाले, तुम्हाला जात नसेल तर इकडे द्या.
नको आजोबा, भूक लागलीय म्हटलं. आणि सगळं सूप मीच प्यायलो.