सदतीसला शून्य

३ तारीख, सोमवार
आलो एकदाचे. कंपनीचं क्वार्टर म्हणजे काड्यापेटी असणार हे धरूनच चाललो होतो. पण तीन खोल्या निघाल्या, शिवाय नळाला पाणी. ही खूश. मागच्या खोलीत तिने लगेच शिलाई मशीन मांडलं. उजेड चांगला आहे म्हणाली, आणि मुख्य म्हणजे तिथून मी दिसत नाही.

काम हलकं आहे. इथल्या जुन्या गेजपैकी कुठलं दाब पौंडात दाखवतं, कुठलं किलोत, कुठलं पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. साहेबांना सगळं बार या एकाच मापात हवं, दशांशानंतर एकच आकडा. मागच्या खोलीच्या भिंतीवरही एक मिलिमीटरवालं गेज आहे. नळी कापलेली, कशालाच जोडलेलं नाही. पण स्टॉकमध्ये आहे, म्हणून त्याचाही आकडा रोज कळवायचा. शून्य कळवायचा पगार मिळणारी नोकरी सापडायला मला पन्नाशी गाठावी लागली.

६ तारीख, गुरुवार
कशालाच न जोडलेलं गेज तीनवर. काचेवर टिचकी मारली, काटा ढिम्म. तीन मिलिमीटर म्हणजे ०.००४ बार. कळवलं ०.०. साहेब म्हणाले, छान.

त्या खोलीचं दार फुगलंय. आत ढकलायला खांदा लावावा लागतो. हिच्या कानाला दडे बसतात. बीपी वाढलं असेल म्हणालो, तर म्हणाली, ते लग्नापासून वाढलेलंच आहे, कान आत्ता बसलेत.

शेजारच्या काकू सांगत होत्या, आधीच्या कारकुनाची बायको अचानक माहेरी गेली म्हणे, मग तोही गेला. सामान न्यायला मात्र कुणीच आलं नाही.

८ तारीख, शनिवार
पाच. बारमध्ये ०.००७, म्हणजे आमच्या खात्यात काहीच नाही. सहज पास्कलमध्ये मांडलं: साडेसहाशेच्या वर. दोन चौरस मीटरच्या दारावर एकशे पस्तीस किलो. म्हणजे दार फुगलेलं नाही. आतून दाबून धरलंय.

साहेबांना पास्कल कळवले. म्हणाले, मोठे आकडे दाखवून घाबरवू नका, तुमच्या आधीचेही हेच करायचे. नियमात बार आहे.

हिला म्हणालो, त्या खोलीत जाऊ नकोस. एक बाही राहिलीये, ती लावते आणि येते म्हणाली. दोघांनी मिळून दार ढकललं. ती आत गेली. दार मागे आपोआप लागलं.

९ तारीख, रविवार
ती अजून आत आहे. पंधरा. दारावर चारशे किलो.

सुतार आणला. त्याने पहार लावली, घाम गाळला, मग पहार टाकून दिली. म्हणाला, दार अडकलेलं नाही हो, पलीकडून कुणीतरी पाठ टेकून बसलंय, आणि एका बाईचं वजन नाही हे. मजुरी न घेताच गेला.

मागून खिडकीची काच फोडली. गज आहेत. निदान दाब तरी उतरेल. उतरला नाही. काटा तिथेच. हवा असती तर बाहेर आली असती.

१० तारीख, सोमवार
बावीस. पाण्याची बाटली द्यायला गजांतून हात घातला. मनगटापर्यंत गेला, मग कणकेत रुतल्यासारखा झाला आणि परत ढकलला गेला. करवतही गजावर टेकत नाही.

भिंत फोडायचं यंत्र साहेबांकडे आहे. शून्यावर यंत्र कसं सोडू, म्हणाले. ०.१ आल्याशिवाय सही होत नाही. मी सरळ ०.१ कळवलं. तपासनीस आला, खिडकीतून काटा बघितला, ०.० लिहिलं आणि मला समज देऊन गेला. हिच्याकडे बघितलंही नाही. तो गेज तपासायला आला होता.

ती खुर्चीत आहे. म्हणाली, छातीवर कुणीतरी बसलंय. म्हणाली, हळू बोला, ऐकतंय ते. मग म्हणाली, बाही उलटी लागली.

११ तारीख, मंगळवार
तेहेतीस. गणित दोनदा केलं. सदतीसला ०.०४९, म्हणजे शून्य. अडतीसला ०.०५१, म्हणजे ०.१. अडतीसला माणसं येतील. तेव्हा दारावर टनभर. आणि तिच्या –

पस्तीस. खिडकीशी हात जोडून उभा आहे. काटा वाढावा म्हणून. माझ्याच बायकोच्या छातीवर –

तिने ओठ हलवले. आवाज बाहेर आला नाही.

१२ तारीख
सदतीस. वाढ ना. वाढ, बाबा, एकच –

अडतीस. फोन केला. साहेब म्हणाले, आता बसतंय नियमात. माणसं निघाली.

काटा शून्यावर. एकदम.
मागच्या खोलीचं दार आपसूक उघडलं. पाहुण्यासाठी उघडावं तसं. मशीन आहे. बाही आहे, सुई अर्ध्यात. खुर्ची कागदासारखी चपटी. ती नाही. कुठेच – आणि खोलीत काहीच नाही, तर मग ते –

साहेबांचा फोन. चालू आकडा काय विचारतात. शून्य सांगितलं तर माणसं परत फिरतील. खोटं बोललो तर तपासनीस –

माझ्या कानाला दडे बसले.
पुढचं दारही आतच उघडतं. ओढून बघितलं. दोन्ही हातांनी. ओढून –
पाठीवर अलगद काहीतरी टेकतंय. हळू बोला, म्हणतंय. तिच्याच आवाजात. बाही उल –