बरणीतला तुरटीचा खडा

पोरी,

शाळेचे गणवेश आज द्यायचेत, म्हणून लवकर दुकानात जातोय. दूध तापवून ओट्यावर झाकून ठेवलंय.

खिडकीतल्या तुझ्या बरणीला हात लावलेला नाही, नुसतं वाकून पाहिलं. खरं सांगायचं तर चष्मा लावून चांगला अर्धा तास पाहिलं. गरम पाण्यात विरघळून दिसेनाशी झालेली तुरटी, आणि पाणी हळूहळू उडून जाताना तीच पुन्हा थरावर थर बसत येते, कुणी न सांगता. आठ बाजू मोजल्या. एकेक कड इतकी सरळ, की तीस वर्षं कापड कापणाऱ्या माझ्या कात्रीने मान खाली घालावी.

दोऱ्याचं तुझंच बरोबर होतं. "शिंप्याला दोऱ्यातलं शिकवतेस?" म्हणून मी सुती दोरा तुझ्या गळ्यात मारला, आणि त्याच्या लवेवर जागोजाग नुसते बारीक कण धरले. तू गुपचूप नायलॉनचा गुळगुळीत धागा बांधलास, तेव्हा कुठे सगळी तुरटी एकाच खड्यावर बसली.

परवा वसतिगृहाच्या फॉर्मवरूनही मी असंच तोंडाला येईल ते बोललो. फॉर्म बरणीशेजारी ठेवलाय, सही केली आहे. जरा वाकडी आलीय. चालणार नसेल तर दुसरा आण, पुन्हा करीन.

तू गेल्यावर बरणी कशी सांभाळायची, ते लिहून ठेव. तू सांगशील तोच दोरा वापरीन.

– बाबा