त्रुटी क्रमांक सात

प्रति,
मा. दावा चौकशी अधिकारी,
अपघात भरपाई शाखा,
छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार: सदाशिव नरहर धारूरकर, वय ६३, सेवानिवृत्त अव्वल कारकून.

विषय: माझ्या पत्नीच्या अपघाती मृत्यूच्या भरपाईचा अर्ज तूर्त बाजूस ठेवून श्रीमती कडूबाई सांडू पोफळे, रा. करमाड, यांचा सन २०१८ चा अर्ज आधी उघडणेबाबत, तसेच शाखेच्या त्रुटीपत्रातील क्रमांक सात काढून टाकणेबाबत.

संदर्भ: १) मला मिळालेली त्रुटीपत्रे दि. ११ मार्च, २ जून व १८ ऑगस्ट २०२५.
२) श्रीमती पोफळे यांना सन २०१८ मध्ये मिळालेली चार त्रुटीपत्रे. चारही माझ्या हस्ताक्षरात भरलेली.

महोदय,

१. सविनय सादर करतो की, अर्जदार आपल्याच शाखेत खिडकीजवळच्या टेबलावर एकोणीस वर्षे काम करून दि. ३१ मे २०२० रोजी निवृत्त झाला आहे. हा अर्ज लांबणार आहे. लांब अर्ज समोर आला की काय वाटते हे मी जाणतो; मी स्वतः पहिला परिच्छेद आणि शेवटची सही तेवढी पाहत असे. आपण मधलेही वाचावे, ही पहिली विनंती.

२. माझी पत्नी कै. सरोजिनी ही करमाडजवळच्या एका शाळेत एकवीस वर्षे शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावरही शाळेच्या स्नेहसंमेलनाला ती दरवर्षी जात असे. गुरुवार दि. २३ जानेवारी २०२५ रोजी सकाळी दहा चाळीसच्या सुमारास ती करमाड थांब्यावर एसटीतून उतरली व जालना रोड ओलांडू लागली. त्या वेळी एका मालवाहू पिकअपने तिला धडक दिली व ते वाहन न थांबता निघून गेले. रुग्णवाहिका येण्यापूर्वीच ती गेली. पंचनाम्यात तिच्याजवळच्या वस्तूंची नोंद आहे: कापडी पिशवी एक, चष्मा फुटलेला एक, स्टीलचा डबा तिळगुळासह एक, चहाच्या गाळण्या दोन. गाळण्यांचा उल्लेख पुढे येईल.

३. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही तर मृताच्या वारसांना शासन भरपाई देते. अशा प्रकरणांत वारसांनी करायचा अर्ज मी दि. १७ फेब्रुवारी रोजी केला. खरे सांगायचे तर मला त्या रकमेची निकड नाही. आम्हा दोघांचेही निवृत्तिवेतन होते, मुलगी मृण्मयी पुण्यात नोकरीला आहे. परंतु सरोजिनीच्या मृत्यूची सरकारदरबारी एक धारिका व्हावी, तिच्यावर क्रमांक पडावा आणि ती रीतसर निकाली निघावी असे मला वाटले. ज्याने आयुष्यभर धारिकाच बांधल्या त्याला शोक करायची दुसरी रीत येत नाही.

४. अर्ज पहिल्यांदा परत आला तो दि. ११ मार्च रोजी. आता माझ्या जागी असलेले चि. विश्वजीत माझ्याच हाताखाली तयार झाले आहेत. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा पाजला, बाईंबद्दल मनापासून दोन शब्द बोलले आणि छापील त्रुटीपत्र हातात ठेवले. क्रमांक सातपुढे खूण होती: ‘प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचा जबाब जोडलेला नाही.’ विश्वजीत यांच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. त्यांना मी जे शिकवले तेच ते करीत आहेत, आणि चांगले करीत आहेत.

५. साक्षीदार शोधणे अवघड गेले नाही. पंचनाम्यातच नोंद होती की, थांब्यासमोर पेरू विकणाऱ्या एका बाईने जखमीला रस्त्याच्या कडेला घेतले व शेवटपर्यंत तिच्याजवळ बसून राहिली. मी करमाडला गेलो. लिंबाखाली पोते अंथरून, पुढ्यात पेरूची पाटी घेऊन एक पन्नाशीची बाई बसली होती. मी कोण, कशासाठी आलो, हे सांगितले. तिने जबाबाला लगेच होकार दिला. वाहन पांढरे होते, मागे रिकामे कॅरेट होते, जालन्याकडे गेले, इतके तिने न अडखळता सांगितले. मग, मी विचारले नसताना, बाईंनी पाणी मागितले, दोन घोट घेतले आणि ‘पोरांना सांगा, मला उशीर होतोय’ असे म्हणाल्या, हेही सांगितले. स्नेहसंमेलनात सरोजिनीच्या हस्ते बक्षिसे द्यायची होती.

६. जबाब लिहिताना मी तिचे पूर्ण नाव विचारले. ‘कडूबाई सांडू पोफळे’ असे लिहिले आणि माझा हात थांबला. आम्हा कारकुनांच्या लक्षात चेहरे राहत नाहीत, नावे राहतात. हे नाव मी सन २०१८ मध्ये चार लिफाफ्यांवर लिहिले होते. मी मान वर केली तेव्हा ती माझ्याकडेच पाहत होती. म्हणाली, “मी कव्हाच वळखलं तुमाला. खिडकीपाशी बसत व्हते नं तुमी.” एवढेच म्हणाली आणि जबाबावर अंगठा उठवायला हात पुढे केला.

७. श्रीमती कडूबाई यांचे प्रकरण आपल्या माहितीस्तव थोडक्यात असे. त्यांचे पती सांडू पोफळे हे दि. ६ डिसेंबर २०१७ रोजी पहाटे कापूस वेचायला जाताना याच थांब्याजवळ ट्रकच्या धडकेने वारले. ट्रक पळाला. जानेवारीत बाईंनी अर्ज केला. गुन्ह्याची नोंद, शवविच्छेदन अहवाल, वारस दाखला, सर्व काही जोडलेले होते. नव्हता तो फक्त साक्षीदार. पहाटे साडेपाचला त्या रस्त्यावर कोण असणार? मी क्रमांक सातपुढे खूण करून अर्ज परत केला. त्या पुन्हा आल्या, मी पुन्हा परत केला. असे चारदा झाले. चौथ्या वेळी त्यांनी विचारले की साक्षीदार कुठून आणू. मी मान वर न करता सांगितले, जिथे घडले तिथे जाऊन विचारा, कोणीतरी पाहिलेच असेल. त्यानंतर त्या आल्या नाहीत. मी ‘अर्जदाराने पूर्तता केली नाही, सबब दप्तरी दाखल’ असा शेरा मारून धारिका बंद केली.

८. महोदय, मी बोलून गेलो आणि विसरलो. ती बाई मात्र खरोखर तिथे जाऊन बसली. पहिले काही महिने नुसतीच बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची. लोक हाकलू लागले, म्हणून मग पेरूची पाटी घेतली. विकणाऱ्याला कोणी हाकलत नाही. गेली सात वर्षे एसटीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला ती पेरू देता देता विचारते की, अमक्या साली मार्गशीर्षात इथे ट्रकने एका माणसाला उडवले, तुम्ही पाहिले का. साल दरवर्षी मागे जाते, प्रश्न तोच राहतो.

९. ही गोष्ट मला आधीच माहीत असायला हवी होती. नव्हे, माहीत होती. नोकरीत असताना सरोजिनी रोज त्याच थांब्यावर उतरे. जेवताना तिने मला कितीदा तरी सांगितले असेल की, आमच्या थांब्यावर एक पेरूवाली आहे, ती सगळ्यांना एकच प्रश्न विचारते, कोणत्या तरी कचेरीतून तिला कोणीतरी साक्षीदार आण म्हणून सांगितले आहे. कोण मेला असे सांगतो, असेही ती म्हणाली होती. मी भाताचा घास घेता घेता म्हणालो होतो, वेडी असेल. या वाक्याबद्दल मला कोणत्याही नियमाखाली शिक्षा होऊ शकत नाही. म्हणून ते इथे लिहून ठेवतो.

१०. गाळण्यांबाबत. संक्रांतीचे वाण म्हणून सरोजिनीने यंदा गाळण्या घेतल्या होत्या. एक शाळेतल्या मुख्याध्यापिकेसाठी होती. दुसरी कोणासाठी, हा प्रश्न मला पडला होता. कडूबाई म्हणाल्या की बाई दरवर्षी त्यांना तिळगूळ आणि वाण देत असत. विधवेला आपल्यात वाण देत नाहीत, हे सरोजिनीला ठाऊक नव्हते असे नाही. ती त्या दिवशी रस्ता ओलांडत होती ती शाळेकडे जाण्यासाठी नव्हे. शाळा अलीकडच्या बाजूला आहे. पलीकडे फक्त लिंब आहे आणि पेरूची पाटी आहे.

११. असो. कडूबाईंचा जबाब जोडून मी दि. ९ एप्रिल रोजी अर्ज पुन्हा सादर केला. दि. २ जून रोजी तो परत आला. कारण: साक्षीदार ही याच शाखेकडील जुन्या प्रकरणातील अर्जदार असल्याने ती तटस्थ म्हणता येत नाही, तरी दुसरा तटस्थ साक्षीदार आणावा. मी लेखी कळवले की दुसरा कोणी नव्हता. दि. १८ ऑगस्ट रोजी तिसरे त्रुटीपत्र आले: साक्षीदार घटनास्थळी हजर असूनही तिने वाहनाचा क्रमांक का पाहिला नाही, याचा तिचा खुलासा जोडावा. मी तो खुलासा घ्यायला गेलो. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मी इतरांना हसत ऐकवीत असे; आता मी उन्हात पोत्यावर बसलो होतो आणि ते मला ऐकवायला कोणी नव्हते, एवढाच फरक. कडूबाईंचा खुलासा त्यांच्याच शब्दांत पुढीलप्रमाणे आहे, त्यात मी काना-मात्रेचा फरक केलेला नाही: “नंबर पाहत बसू का बाईकडं पळू? माझ्या माणसापाशी कोणीच नव्हतं. म्हणून पळाले.”

१२. आता क्रमांक सातविषयी, जो या अर्जाचा मूळ मुद्दा आहे. साक्षीदाराचा जबाब हवाच, अशी अट शासनाच्या नियमात नव्हती आणि आजही नाही. मी या महिन्यात नियम तीनदा वाचून खात्री केली. सन २००९ मध्ये लेखापरीक्षणात एका प्रकरणी ‘पुरावा अपुरा वाटतो’ असा एक किरकोळ शेरा आला होता. पुन्हा शेरा नको, म्हणून मी त्रुटीपत्राच्या नमुन्यात सहा मुद्द्यांखाली सातवा मुद्दा माझ्या मनाने घातला. साहेबांनी न वाचता सही केली. नमुना छापून आला तेव्हा मला तो भरगच्च आणि चांगला दिसला, हेही कबूल करतो. त्या छापील कागदावर आजही सातची ओळ किंचित तिरकी आहे, कारण मूळ नमुन्यावर मी ती हाताने, पट्टी न लावता लिहिली होती. ती ओळ किती घरी गेली याची मोजदाद माझ्याकडे नाही. आपल्या जावक नोंदवहीत आहे.

१३. यात एक गोष्ट अशी आहे की जी मला कोणालाच सांगता आलेली नाही, मृण्मयीलाही नाही. मी ती ओळ लिहिली नसती तर कडूबाईंचे प्रकरण सन २०१८ मध्येच मंजूर झाले असते आणि त्या थांब्यावर कोणीही बसलेले नसते. मग सरोजिनी कोणासाठी रस्ता ओलांडायला गेली नसती आणि आज जिवंत असती. किंवा रस्ता ओलांडताना गेलीच असती, तर मरताना तिच्याजवळ कोणी नसते. दोन्ही बाजूंनी हिशेब मांडून पाहिला. कुठल्याही बाजूने मी सुटत नाही. जळते त्यालाच कळते म्हणतात, ते खरे आहे. पण मला ते इतरांचे जळत असताना कळायला हवे होते, कारण त्याचाच मला पगार मिळत होता.

मला सरोजिनीची फार आठवण येते. हे वाक्य अर्जात बसत नाही याची जाणीव आहे, म्हणून त्याला क्रमांक दिलेला नाही.

१४. वरील वस्तुस्थिती पाहता नम्र विनंती की,
(अ) त्रुटीपत्राच्या नमुन्यातून क्रमांक सात काढून टाकावा. उरलेले छापील कागद वाया जाऊ नयेत असे वाटत असल्यास मी स्वतः येऊन प्रत्येक कागदावरची ती ओळ खोडून देईन.
(आ) श्रीमती कडूबाई पोफळे यांची धारिका पुन्हा उघडावी. ती अभिलेख कक्षात डावीकडून तिसऱ्या मांडणीवर, लाल कापडाच्या गठ्ठ्यात, खालून दुसरी आहे. गाठ मी बांधलेली आहे, उजव्या टोकाने सुटते. मुदत संपली अशी हरकत निघाल्यास, विलंब अर्जदाराचा नसून या शाखेचा, म्हणजे माझा आहे, असे नमूद करावे.
(इ) त्यांचे प्रकरण मंजूर झाल्याखेरीज माझे हाती घेऊ नये.
(ई) पोलिसांकडे जमा असलेल्या गाळण्यांपैकी एक श्रीमती पोफळे यांना मिळावी यासाठी आपण एक पत्र द्यावे. ती त्यांची आहे.

१५. पत्रव्यवहार घरच्या पत्त्यावर करावा. तथापि, माझ्याकडेही तटस्थ साक्षीदार मागितलेला असल्याने मी सोमवार ते शनिवार सकाळी दहा ते एक घरी नसतो. त्या वेळेत निरोप करमाड थांब्यासमोर लिंबाखाली द्यावा. कडूबाईंनी पोत्यावर सरकून जागा केली आहे. एसटी आली की आधी त्या विचारतात, मग मी विचारतो.

आज अविधवा नवमी. वर्ष पुरे झालेले नसल्याने घरी श्राद्ध नाही. त्याऐवजी हा अर्ज लिहिला. तो शेवटपर्यंत वाचला असल्यास आभारी आहे.

आपला नम्र,
(सही)
सदाशिव नरहर धारूरकर
छत्रपती संभाजीनगर
दि. १५ सप्टेंबर २०२५

सोबत:
१) माझ्या मूळ अर्जाची प्रत, तिन्ही त्रुटीपत्रांसह.
२) श्रीमती कडूबाई पोफळे यांचा जबाब व खुलासा, अंगठ्यासह. हा संपूर्ण अर्ज त्यांना वाचून दाखवला आहे. परिच्छेद सात पुन्हा वाचायला सांगितला. ऐकून झाल्यावर त्यांनी काहीही दुरुस्ती सुचवली नाही.
३) कै. सांडू पोफळे यांच्या प्रकरणात क्रमांक सातची पूर्तता म्हणून जोडलेले शपथपत्र. मजकूर: मी, सदाशिव नरहर धारूरकर, शपथेवर लिहून देतो की, सांडू यांच्या पत्नी चार वेळा हातात कागद घेऊन माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या आणि चारही वेळा मी त्यांना परत पाठवले. हे मी स्वतः पाहिले आहे. मी प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आहे.