कोपरावरचे घट्टे

हॅरिस पार्क, सिडनी
११ ऑगस्ट

लाडक्या नुहादताईस,

धाकट्या मिर्नाचे खूप खूप मुके. आम्ही बरे आहोत. इकडे थंडी मी म्हणतेय आणि तुम्ही तिकडे नदीवर डुंबताय, मजा आहे! फोटो मिळाले. फोनवर तब्येतीचं काढलं की तू विषय बदलतेस, शिवाय मागे बुत्रोसभावोजी असतातच. म्हणून हे पत्र तिकडे यायला निघालेल्या जोसेफीनमावशींच्या हाती पाठवतेय. एकटी असशील तेव्हा वाच.

आमच्या रीटाचं सांगते. सात वर्षांची पोर, आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल म्हाताऱ्यांना लाजवेल असं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या वर्षभराने; तोवर लोणी-मलई बंद आणि रोज इसबगोल. सासूबाई लगेच, "पोरीचं हृदय बिघडलंय ना? मग तुझी डॉक्टरीण पोट साफ व्हायचं औषध का देते?"

रीटाचं आणि त्या इसबगोलाचं हाडवैर. पाण्यात पडलं की गिळगिळीत लगदा होतो, झटपट प्यावं लागतं. एकदा तिने पाण्याशिवायच चमचाभर तोंडात कोंबलं आणि ते घशात फुगलं. पोरगी निळी पडली गं! मी पाठीत धपाटे घातले, तेव्हा कुठे श्वास आला.

मग काय, एका दिवसापासून वाटी चाटूनपुसून लख्ख! मी खूश. सासूबाईंना विचारलं तर छाती फुगवून म्हणतात, "तुला जमत नाही, मला जमतं. मी त्याची मुहल्लबी करते. दूध काय छान आळतं!" दूध, साखर आणि वर बोटभर मलई. हसावं की रडावं, तूच सांग.

मलई बंद करून पुन्हा रक्त तपासलं. थोडंसंच उतरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इसबगोल नुसता हातभार लावतं, हे दुखणं रक्तातूनच आलंय. माझंही तपासलं. माझ्यातही आहे, ताई. म्हणजे बाबांकडून. चाळिशीच्या आत बाबा अंगणात कोसळले आणि गाव नजर लागली म्हणून मोकळं झालं. काकांनाही नजरच लागली होती म्हणे. कसली डोंबलाची नजर!

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्ही नवरा-बायको नात्यातले का?" नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, असतो तर? म्हणाल्या, "दोन्हीकडून आलं तर लहानपणीच कोपरांवर, गुडघ्यांवर पिवळट गाठी येऊ शकतात. तिथे इसबगोलाने भागत नाही. तिथे वेळ दवडायचा नसतो."

पुढचं लिहवत नाही. भावोजी त्याच काकांचे चिरंजीव, म्हणजे तुम्ही दोघं नात्यातलेच. आणि नदीवरच्या फोटोत तुझा लेक, आपला मारून, कठड्यावर ओणवा झालाय, कोपरं पुढे करून. तू खाली लिहिलंस, "तुझा भाचा टेबलावर रेलून अभ्यास करतो, घट्टे पडलेत बघ!" तो फोटो मी मोठा करून करून पाहिला.

तुम्ही म्हणाल, ऑस्ट्रेलियात जाऊन शहाणी झाली, घराण्याला नावं ठेवते. म्हणा. भावोजींना सांगवत नसेल तर दात दाखवायला नेते म्हण, पण त्याला शहरात हृदयाच्या डॉक्टरकडे ने. रक्त तपासून घे. तोवर त्याला पळापळी करू देऊ नकोस. माझ्यावर वाटेल तेवढी रागाव, पण आधी नीघ.

ते घट्टे नाहीत गं, ताई.

तुझी, फार फार भ्यालेली,
मिर्ना