माझ्या पायांना चटका बसत नाही

१५ एप्रिल, पहाटे
आजपासून नवीन जीवन. शुगरची गोळी बंद. चहा बंद. आणि गुरुजींसारखं अनवाणी चालायचं, घर ते मंदिर, मंदिर ते दुकान. दुकान चपलांचं आहे, त्याला इलाज नाही.
गुरुजी मूळचे अल्लीपूरचे. घरी शेती. ऐन तरुणपणी ऋषिकेशला गेले, कित्येक वर्षं तिथेच राहिले, आणि आता आमच्या नाचणगावच्या मारुती मंदिरात फुकट योग शिकवतात. गोळी सोड असं ते बोलले नाहीत. पण नजरेत होतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
चहा घेतला. कोकिळेनं केला होता, बायकोचं मन मोडू नये.

१९ एप्रिल
चटके बसतील असं वाटलं होतं. एक नाही! मुलगा अंकुश हट्टानं माझ्यासोबत अनवाणी रस्त्यावर उतरला आणि बेडकासारखा उड्या मारत दुकानात पळाला. वरून म्हणे, बाबा, चपलेच्या दुकानाचा मालकच अनवाणी, गिऱ्हाईक काय समजन? मी म्हटलं, गिऱ्हाईक समजेल की मालक पोहोचलेला आहे.

२ मे
आजचा उपदेश: अंग बोलत असते, ऐकत जा, बाकी योग त्याच्या मागून येते. क्लासमधल्या शोभाबाई म्हणे, माहा गुडघा तं दिवसभर बोलते गुरुजी, चूपच नाई बसत. सगळे हसले. मी नम्रपणे सांगितलं, माझे पाय काहीच बोलत नाहीत. संपूर्ण मौन.
गुरुजी माझ्याकडे बघतच राहिले. इम्प्रेस झाले, स्पष्ट दिसलं. विचारलं, काहीच नाई? मुंग्या गिंग्या? मी म्हटलं, त्या मागच्या वर्षीच थांबल्या. तर म्हणाले, प्रभाकर, डॉक्टरले दाखवजो.
शिष्याची श्रद्धा अशीच तपासतात. मी काही फसणार नाही.

१२ मे
मोठी बातमी. योग दिन झाला की गुरुजी काही महिने ऋषिकेशला जाणार. मागे क्लास कोण घेणार, ते योग दिनाला स्टेजवर सांगतील. बोलताना नजर सगळ्यांवरून फिरली आणि माझ्यावर थांबली. (माझ्या डोक्यावर भिंतीला घड्याळ आहे. पण ते कधीचं बंद आहे.)
स्टेजवर वृक्षासन करणार. एका पायावर. आजच घरी प्रॅक्टिस केली, कपाट धरून.

२६ मे, नवतपा
कालपासून नवतपा, उन्हाचे सर्वांत कडक नऊ दिवस. गावात कुत्रं फिरत नाही. मी मंदिर ते दुकान डांबरी रस्त्यानं आलो, संथ, श्वास मोजत. तळव्याला डांबर चिकटलं तेही दुकानात बसल्यावर कळलं.
गुरुजी मात्र कडुनिंबाखालून भिंतीच्या सावलीत, तिथून पानठेल्याच्या छपराखाली, असे लगबगीनं चालले होते. वय झालं. शिष्य गुरूच्या पुढे गेला, पण हे कोणाला सांगणं बरं दिसत नाही. इथे लिहून ठेवतो.

२९ मे
दोन्ही पायांना फोड. उजव्या पायाचा फुटला. दुखत नाही, म्हणजे फालतू आहे.
फरशीवर लाल पावलं उमटली. कोकिळा फडकं घेऊन बसली होती. मी म्हटलं, लक्ष्मी आली वाटते घरात. हसली नाही. अलीकडे तिचा विनोद कमी झालाय.
दुकानातून मोजे आणले. सुती, काळे.

७ जून
उजवा अंगठा काळसर. शक्ती जिथे साठते तिथे रंग बदलणारच. थोडा वास येतो. उदबत्ती लावली. शोभाबाईंनी क्लासमध्ये आपली चटई दूर नेली. मत्सर!
कोकिळेनं आज जेवणच केलं नाही. दारातच बसली. म्हणे, मले तुमची सिद्धी नाई पाह्यजे, मले तुमचे पाय पाह्यजेत. उद्या तुम्हाले काही झालं तं मी कोणाकडं पाहू? काऊन असं करून राह्यले? मी समजावलं की योग दिन होऊ दे, मग डॉक्टर, गोळी, तू म्हणशील ते. माझा हात धरून बसली. वाईट वाटलं. पण एवढ्या जवळ येऊन माघार कशी घ्यायची?

१४ जून
ताप. योगाग्नी असावा. तरी गेलो. वृक्षासनात पाय उचलला आणि सरळ शोभाबाईंच्या अंगावर. त्या ओरडल्या. गुरुजी धावत आले, खाली बसले, आणि माझा मोजा स्वतःच्या हातानं काढला.
मग मोठ्यानं बोलले. कधी बोलत नाहीत. म्हणाले, अरे, मले चटका बसते, म्हणून मी सावली पाहून चालतो! ज्याले बसते त्यानं अनवाणी चालावं. तुले नाई बसत, म्हणून तं डॉक्टरकडं जा म्हटलं होतं ना बाप्पा! मग अंकुशला हाक, ऑटो, वर्धा.
लाडक्या शिष्यावरच एवढं चिडतात.

१८ जून, वर्धा, दवाखाना
अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. बाकी तीन आहेत. डॉक्टर म्हणतात, शुगरनं पायातली जाणीवच गेलेली, दुसऱ्या पायाचंही आताच सांगता येत नाही. तरुण आहेत, घाबरतात. वृक्षासन डाव्या पायावरही होतं.

२१ जून
योग दिन. क्लास शोभाबाईंकडे. अंकुशनं फोनवर सांगितलं. टेम्पररी असेल.
कोकिळेला ही बातमी सांगितली तर म्हणे, बरं झालं. नंतर तोंड फिरवून रडली.

२४ जून
आज गुरुजी आले, एवढ्या दूर बसनं. मला उठून पाया पडता आलं नाही. ते पायथ्याशी बसले. बऱ्या पायावरची चादर बाजूला केली. म्हणाले, डोळे मिट. मी हात लावतो. कुठं लावला ते सांग.
शेवटी परीक्षा! मी डोळे मिटले, श्वास स्थिर केला. वाट पाहिली. कोकिळेच्या बांगड्या वाजल्या. मी म्हटलं, गुरुजी, मी तयार आहे, तुम्ही सुरू करा.
कोकिळेचा हुंदका ऐकू आला. डोळे उघडले. माझा पाय गुरुजींच्या मांडीवर होता आणि ते दोन्ही हातांनी तळवा दाबत होते. मी विचारलं, केव्हापासून? म्हणाले, तू डोळे मिटले तेव्हापासून, लेकरा.
मी आयुष्यभर त्यांचे पाय दाबायला आलो असतो.
मले भेव वाटून राह्यलं.